रविवारी न आलेला मेल

कळंबच्या कोल्ड स्टोरेजचं ऑफिस मी चौदा वर्षं सांभाळते आहे. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि खिडकीतून दिसणारा पुणे-नाशिक रस्ता. पावत्या करायच्या, कुणाची पोती कुठल्या चेंबरमध्ये आहेत ते लिहून ठेवायचं, फोन घ्यायचे आणि मालकांनी मागितलेला कागद ते खुर्चीत टेकेपर्यंत काढून द्यायचा, एवढं माझं काम. यंत्रांकडे मी जात नसे. यंत्रांना मिस्त्री होते.

मिस्त्री आणे गावचे, वर पठारावरचे. पठारावर पाणी नाही म्हणून तरुणपणी खाली उतरले, हे कोल्ड बांधलं जात असताना पाइप जोडायला आले आणि इथेच राहिले. बावीस वर्षं कॉम्प्रेसर त्यांच्या हातात आहे. शिक्षण सातवी. ऑफिसात चहा पिता पिता मध्येच कप खाली ठेवून उठायचे. विचारलं तर म्हणायचे, "आवाज बदलला." मला कधीच तो बदल ऐकू आला नाही.

मालकांना आम्ही शेठ म्हणतो. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन मंचरच्या पेठेत दुकान घातलं होतं. शेठचा मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने चारही चेंबरमध्ये तापमान मोजणाऱ्या तारा सोडल्या आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम बसवून दिला. प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी तापमान वाचायचा. कुठलाही चेंबर सहा अंशांच्या वर गेला की तीन जणांना मेल जायचा: शेठना, मुलाला आणि मला. मेल आला की मी जिथे असेन तिथून मिस्त्रींना फोन करायचा, असं ठरलं होतं.

सुरुवातीला हा प्रोग्रॅम रोज सकाळी आठला 'सर्व चेंबर ठीक' असाही एक मेल पाठवायचा. शेठना ते खटकलं.

"ताई, ठीक आहे ते रोज कशाला सांगतंय? आपले पाहुणे काय रोज फोन करून सांगतात, आम्ही बरे आहोत म्हणून? काही झालं तर कळवावं."

मला पटलं. आमच्याकडे तसंच असतं. लेक सासरी गेली आणि दोन महिने तिची खबर नाही, म्हणजे तिचं बरं चाललंय असं धरतात. मी आठचा मेल बंद केला. त्याच सुमारास मिस्त्रींची वहीही बंद झाली. ते पूर्वी दर दोन तासांनी चेंबरच्या दारावरचा काटा बघून वहीत लिहायचे. "आता मशीन बघतंय तर मी कशाला बघू?" ते म्हणाले. "एक भाकर दोघांनी भाजायची व्हय?"

अशी तीन वर्षं गेली. मेल वर्षातून चार-पाच वेळा यायचा. लाईट गेली, पंखा बंद पडला, दार उघडं राहिलं. मी फोन करायची, मिस्त्री बघायचे.

हे सगळं ज्या रविवारी घडलं तेव्हा बेण्याच्या बटाट्याचा हंगाम संपत आला होता. आमच्या भागात पावसाळ्याच्या तोंडावर बटाट्याची लावणी होते. त्याचं बेणं शेतकरी फेब्रुवारी-मार्चपासून कोल्डमध्ये ठेवतात, तीन-चार अंशांवर. तापमान वाढलं की बटाट्याला घाम येतो, पोती ओली होतात, बटाटा सडायला लागतो नाहीतर अवेळी डोळे फोडतो. त्या रविवारी जवळच्या गावची यात्रा होती आणि तिथल्या घाटावर बैलगाड्यांच्या शर्यती होत्या. मी घरी मंचरला होते. दिवसभर फोन हाताशी होता आणि मेल आला नाही.

सोमवारी सकाळी लोणीचे एक शेतकरी आपली पोती बघायला आले. दोन नंबरच्या चेंबरमधलं त्यांचं पोतं बाहेर काढलं तर हाताला पाणी लागलं. त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं, एक बटाटा काढला, दाबून बघितला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"बाई, हे बेणं हाय का भज्याचा बटाटा?"

मी कॉम्प्युटरवर रविवारचे आकडे काढले. दुपारी पावणेएकला दोन नंबरचं तापमान चढायला लागलं होतं. पाच वाजता ते अकरावर होतं. तिथून पुढे उतरत गेलं. म्हणजे चेंबरचा पंखा चार-सव्वाचार तास बंद होता आणि पाचनंतर कुणीतरी चालू केला.

शेठ आले. मिस्त्रींना ऑफिसात बोलावलं.

"व्हतो ना मी," मिस्त्री म्हणाले. "जेवाया गेलो व्हतो. आलो तर पंखा ट्रिप. चालू केला."

"जेवायला चार तास?"

मिस्त्रींनी दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "बाईंचा फोन न्हाई आला. आला असता तर ताटावरनं उठलो असतो."

शेठनी मुलाला फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मुलाने पुण्यात बसून आमचा कॉम्प्युटर उघडला. प्रोग्रॅमच्या कोपऱ्यात लाल खूण होती आणि पुढे लिहिलं होतं की मेल सेवेशी जोडणी होत नाही. ती खूण माझ्यासमोर किती दिवस होती मला माहीत नाही. पावत्यांची खिडकी नेहमी तिच्यावर उघडी असायची.

"पप्पा, साधं आहे," मुलगा म्हणाला. "यांनी नेटची वायर काढली. यांना गाडे बघायला जायचं असणार. वायर काढली की मेल जात नाही, मेल गेला नाही की मॅडमचा फोन नाही. परत आल्यावर वायर लावून टाकली, पण प्रोग्रॅम तेव्हाचा अडकून बसलाय. मागे पण काढली होतीच की."

मागे काढली होती हे खरं होतं. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मिस्त्रींनी टेबलफॅन लावायला राउटरचा प्लग काढला होता आणि आम्ही दिवसभर नेट नाही म्हणून कंपनीला शिव्या घालत होतो. ते आठवून एरवी सगळे हसायचे. आता कुणी हसलं नाही.

"मी वायरला हात लावला न्हाई," मिस्त्री म्हणाले. एवढंच. ते उठून कॉम्प्रेसरकडे गेले.

मुलगा शनिवारी येणार होता. चाकणला एका कंपनीत काम केलेला एक ऑपरेटर त्याच्या ओळखीचा होता, त्यालाही आणतो म्हणाला. शेठनी फोन बंद केला आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, पंखा कुणाचाही बंद पडतो. पण मुद्दाम वायर काढणारा माणूस मी अमोनियाच्या मशीनवर ठेवू शकत नाही. बावीस वर्षं झाली असली तरी. शनिवारपर्यंत तुम्ही बघा, वायर काढली होती का नव्हती. तुम्ही सांगाल ते मी धरीन."

म्हणजे मिस्त्रींची नोकरी माझ्या टेबलावर आली. मला हे काम नको होतं. पण दुसरं कोण करणार होतं?

मंगळवारी सकाळी मी पावत्या बाजूला ठेवल्या. वायर जागेवर होती. नेट चालू होतं. नेहमीसारखा मेल उघडून बघितला तर उघडला, जुने मेल दिसले. म्हणजे नेट आहे, मेलही आहे, फक्त प्रोग्रॅमला मेलपर्यंत जाता येत नाही. ज्या माणसाने प्रोग्रॅम बसवायला मदत केली होती त्याचं नारायणगावला दुकान आहे. त्याला फोन केला.

"मॅडम, पोर्ट बघा. नाहीतर अँटिव्हायरस अडवत असेल. नाहीतर सुरक्षेचा पर्याय बदलून बघा."

मी तिन्ही केलं, एकदमच. पोर्टचा आकडा बदलला, अँटिव्हायरस बंद केला, सुरक्षेचा पर्याय बदलला. आता लाल खूण तशीच राहिली आणि वर प्रोग्रॅम तापमानही दाखवेना. मी परत बदललं. मग आधी काय होतं तेच आठवेना.

मिस्त्री दारात उभे होते. सोमवारपासून ते ऑफिसात चहा घ्यायचे बंद झाले होते, पण बाहेरून बघत असावेत.

"एका टायमाला एकच व्हॉल फिरवायचा, बाई," ते म्हणाले. "दोन फिरवले की कोन्च्यानं काय झालं ते देवाला बी कळत न्हाई."

"मग तुम्ही करता का?"

"माझा हात लागला तर म्हणतील, बगा, पुन्यांदा काढली." आणि निघून गेले.

राग आला, पण बोलणं बरोबर होतं. मी एक वही घेतली. नारायणगावच्या माणसाकडून मूळचे आकडे परत लिहून घेतले आणि सगळं होतं तसं केलं. तापमान दिसायला लागलं. मग एक गोष्ट बदलायची, दहा मिनिटं थांबायचं, काय झालं ते वहीत लिहायचं आणि ती गोष्ट पूर्ववत करायची. पोर्ट: फरक नाही. अँटिव्हायरस: फरक नाही. संध्याकाळपर्यंत वहीचं दीड पान झालं. कशाने होत नाही एवढं नक्की कळलं होतं.

बुधवारी नारायणगावच्या माणसाने सांगितलं की प्रोग्रॅम स्वतःची एक फाईल लिहीत असतो. मेल पाठवायचा नसला तरी तो दर तासाला मेल सेवेचं दार वाजवून बघतो, आणि काय उत्तर आलं ते त्या फाईलमध्ये टाकतो. तीन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. फाईल उघडली. रविवारी दिवसभर दर तासाला एकच ओळ होती, 'जोडणी अयशस्वी' आणि पुढे एक आकडा. शनिवारीही तीच. मी मागे मागे गेले. त्या रविवारच्या एकोणीस दिवस आधीपासून तीच ओळ होती. त्याच्या आधी सगळं सुरळीत.

मी लगेच शेठना फोन केला नाही, कारण मुलगा काय म्हणेल हे मला ठाऊक होतं. वायर एकोणीस दिवस आधीच काढली असेल, म्हणाला असता. म्हणून मी मिस्त्रींना बोलावलं.

"इथे उभे राहा आणि बघा. हात लावू नका."

मी स्वतः नेटची वायर काढली. तास भरेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. मिस्त्री खुर्चीवर बसले नाहीत. तासाचा काटा आला, फाईलमध्ये नवी ओळ पडली. 'जोडणी अयशस्वी' हे शब्द तेच, पण आकडा वेगळा होता आणि पुढे लिहिलं होतं, सेवा सापडली नाही. मी वायर लावली. पुढच्या तासाला जुना आकडा परत आला. मग मी तो जुना आकडा नारायणगावला वाचून दाखवला.

"हा म्हणजे मॅडम, सेवा सापडतेय. ती पासवर्ड नाकारतेय. आत जाऊ देत नाही."

"पासवर्ड बदललेला नाही."

"तुम्ही नाही बदलला हो. मेलवाल्यांनी नियम बदललाय. आता अशा प्रोग्रॅमला साधा पासवर्ड चालत नाही, त्याच्यासाठी वेगळा काढून द्यावा लागतो. त्यांनी आधी कळवलं असेल ना तुम्हाला."

"मेल तर काही दिसला नाही."

"खात्याला जो मोबाईल नंबर दिलाय त्याच्यावर आला असेल मेसेज."

फोन ठेवला. मिस्त्री तिथेच होते. त्यांना सगळं कळलं नव्हतं, पण मुद्दा कळला होता.

"मंजी वायर जागंवर व्हती."

"वायर जागेवर होती. एकोणीस दिवस."

त्यांनी मान हलवली आणि टोपी सारखी केली. बरं वाटलं असेल तर तसं दाखवलं नाही. माझ्यापुरतं काम झालं होतं. वायर काढली नव्हती, हे आकड्यांनी सांगता येत होतं. राहिलं होतं ते मेल परत चालू करणं.

वेगळा पासवर्ड काढायला गेले तर समोर आलं की खात्री करण्यासाठी एक कोड मोबाईलवर पाठवला आहे, सत्तेचाळीसने संपणाऱ्या नंबरवर. माझा नंबर तो नाही. शेठचा नाही, मुलाचा नाही. कपाटातून जुनी पावतीपुस्तकं काढली. त्यांच्यावर कोल्डचा जुना नंबर छापलेला होता आणि तो सत्तेचाळीसने संपत होता. मुलाने ऑफिसला नवा नंबर घेऊन दिला त्याआधीचा, ऑफिसच्या बटणांच्या फोनचा. तो आता कुणाकडे आहे ते बघावं म्हणून मी माझ्या मोबाईलवर आकडे दाबायला लागले. सहावा आकडा दाबला तेव्हा खाली नाव आलं. 'लोणी विहीर.'

ते नाव मीच टाकलेलं होतं.

माझं सासर लोणीचं. आम्ही मंचरला राहतो, शेती धाकटे दीर बघतात. विहीर घरापासून लांब, उसाच्या कडेला. आमच्याकडे बिबट्या आता इतका झालाय की अंधार पडल्यावर उसाच्या कडेने कुणी जात नाही. म्हणून सगळ्यांनी विहिरीवर मोबाईलवाला स्टार्टर बसवलाय. पेटीत एक सिम असतं. घरातून त्या नंबरला फोन लावला की मोटर चालू होते. दोन वर्षांपूर्वी दिरांच्या पेटीतलं सिम बंद पडलं. ऑफिसचं जुनं सिम माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होतं, त्याची मुदत संपली नव्हती. वाया कशाला घालवायचं? मी ते दिरांना दिलं. कुणाला विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

गुरुवारी सकाळी स्कूटर काढून लोणीला गेले. पर्समध्ये ऑफिसचा जुना बटणांचा फोन चार्ज करून घेतला होता. दीर बांधावर होते.

"वहिनी? आज सुट्टी?"

"सिम न्यायला आले. स्टार्टरमधलं."

"आत्ता? आत्ता तर थ्री फेज आलीय. वांग्यांचं पाणी चाललंय की."

"मोटर हाताने चालू करा. दिवसाउजेडी बिबट्या काय करतोय तुम्हाला?"

"बिबट्याचं न्हाई वं. सवय मोडली. दोन वर्सं पेटीचं झाकण बी उघडलं न्हाई." ते कुरकुरत पेटीकडे गेले. "तुमच्या ऑफिसला काय सिम मिळंना का बाजारात?"

"हेच पाहिजे."

"सोन्याचं हाय का काय?"

पेटीला गांधीलमाश्यांचं घर होतं, ते पाडण्यात वेळ गेला. सिम काढून मी बटणांच्या फोनात घातलं. सिमच्या आतच मेसेज साठलेले होते. निम्मे रिचार्जच्या जाहिराती. बाकीचे मेल सेवेचे. पहिला महिनाभरापूर्वीचा: अमुक तारखेपासून जुन्या पद्धतीने प्रवेश बंद होईल. मग तीन मेसेज एकसारखे: तुमच्या खात्यात शिरण्याचा प्रयत्न आम्ही अडवला आहे, हे तुम्हीच होता का? विहिरीला तीनदा विचारलं होतं. विहिरीने उत्तर दिलं नव्हतं.

दिरांनी चहाला थांबा म्हटलं. मी थांबले नाही.

कळंबला येऊन कोड मागवला, तो आला, वेगळा पासवर्ड निघाला, तो प्रोग्रॅममध्ये घातला. लाल खूण गेली. तरी खात्री केली पाहिजे म्हणून मिस्त्रींना सांगितलं, एक नंबरमधली तापमानाची तार बाहेर ओढा आणि मुठीत धरा. त्यांनी ती धरली. पुढच्या वेळेला कॉम्प्युटरवर एक नंबर एकोणतीस अंश दिसला आणि माझ्या फोनवर मेल वाजला. मी नियमाप्रमाणे मिस्त्रींना फोन लावला. एक नंबरचं दार ऑफिससमोरच आहे; ते माझ्यापासून सहा हातांवर उभे होते. त्यांनी दुसऱ्या हाताने फोन काढला, कानाला लावला.

"हां, कोण बोलतंय?"

"एक नंबर तापलाय."

"बगतो," ते म्हणाले आणि मूठ सोडली.

सोमवारनंतर ते पहिल्यांदा हसले. त्यांना अजून सिमचं माहीत नव्हतं.

शुक्रवार मध्ये होता. मला विचारलेला प्रश्न एकच होता, वायर काढली होती का. त्याचं उत्तर वहीत तयार होतं. खात्याला माझा नंबर टाकला असता तर जुना नंबर पुन्हा कुणाच्या डोळ्यांसमोर आला नसता. सिम परत पेटीत गेलं असतं. मी शुक्रवारी तसं केलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. दिवसभर पावत्या केल्या. दोन नंबरमधली पोती बायका बाहेर पंख्याखाली ओतून निवडत होत्या. बरंचसं बेणं चांगलं निघालं. लोणीचे शेतकरी स्वतः निवडायला बसले होते आणि खराब निघालेला प्रत्येक बटाटा वर धरून मला खिडकीतून दाखवत होते.

शनिवारी अकराला शेठ आणि मुलगा आले. चाकणचा माणूस गाडीतच बसून राहिला. मिस्त्री दाराशी उभे. मी वही उघडली आणि सांगितलं: मेल एकोणीस दिवस आधीपासून बंद होता, वायर काढली की हा आकडा येतो, पासवर्ड नाकारला की हा. रविवारी दिवसभर हा होता. मुलाने फाईल स्वतः बघितली. तो हुशार आहे, दोन मिनिटांत त्याला पटलं.

"ठीक आहे. वायर नव्हती काढली," तो म्हणाला. "पण मेलवाले असं न सांगता बंद करत नाहीत. आपल्याला कळवलं कसं नाही?"

"कळवलं होतं," मी म्हटलं. पर्समधून सिम काढून टेबलावर ठेवलं. "ह्याच्यावर. खात्याला हा नंबर आहे. हे सिम दोन वर्षं लोणीला माझ्या दिराच्या विहिरीवर होतं, मोटरच्या स्टार्टरमध्ये. मी दिलं होतं. न विचारता."

मुलगा सिमकडे बघत राहिला. शेठनी चष्मा काढला. पहिलं बोलले ते मिस्त्री.

"मंजी आळ आमच्यावर, अन् पानी तुमच्या वांग्यांना?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मिस्त्री दारातून आत आले. सोमवारपासून पहिल्यांदा खुर्चीवर बसले.

"शेठ, मी बी जेवाया गेलो नव्हतो. घाटावर गेलो व्हतो. माझ्या चुलत्याचा गाडा व्हता आण्याचा. चिठ्ठीत बारी लई उशिरा आली. साडेचारला बैलं सुटली. मंग निगालो."

"मग सोमवारी का नाही बोललात?" मुलाने विचारलं.

"तुमी वायरीचं इचारत व्हता. वायर म्या काढली नव्हती." मग ते म्हणाले, "पयलं मी मशीन सोडून कुटंबी गेलो नव्हतो, शेठ. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला गेलो न्हाई. ह्या वेळंला म्हनलं, बाईंचा फोन यील. खिशात फोन घिऊनच उभा व्हतो. सारका बगत व्हतो."

बाहेर रस्त्यावरून टोमॅटोच्या क्रेटचा टेम्पो गेला.

"गाडा कितवा आला?" शेठनी विचारलं.

"घाटात फुटला. बैल आडवं गेलं."

शेठनी चष्मा परत लावला. मुलगा काहीतरी बोलणार होता, त्याला त्यांनी हाताने थांबवलं.

"ताई, आता खात्याला नंबर कुणाचा टाकायचा?"

"माझा टाका," मुलगा म्हणाला.

"तुझा तीन वर्षांत दोनदा बदललाय. ताईंनी पण मागच्या वर्षी बदलला. मिस्त्री, तुमचा?"

"त्योच हाय. पयल्यापासनं."

"त्यांचा टाका," शेठ मला म्हणाले. "आणि ते आठचं 'ठीक आहे' परत सुरू करा. मिस्त्री, वही पण." मग मुलाला म्हणाले, "त्या माणसाला आत बोलाव. चहा देऊन पाठव. चाकणवरून आलाय बिचारा."

मला शेठ काही बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. जुनं सिम मी ड्रॉवरमध्ये ठेवलं. दिरांनी दुसरं सिम घेतलं आणि प्रत्येक सणाला मला विचारतात, "वहिनी, मोटर लावू का ऑफिसला विचारून?"

आठचा मेल रोज येतो. मी तो उघडते आणि मग बाहेर जाऊन मिस्त्रींची वही बघते. दोन नंबरचा आकडा दोन्हीकडे अर्ध्या अंशाने वेगळा असतो. मिस्त्री म्हणतात मशीन चुकतंय, मुलगा म्हणतो काटा चुकतोय. मी दोन्ही लिहून ठेवते. मिस्त्री ऑफिसात चहाला यायला लागले, पण त्याला दोन महिने लागले, आणि अजून कुणी नवीन माणूस आला की वांग्यांची गोष्ट सांगतात.

मेल सेवा अधूनमधून खात्री करायला कोड पाठवते. परवा असाच आला. मिस्त्री कॉम्प्रेसरकडून आले, फोन हातभर लांब धरलेला.

"बाई, आकडं आलं."

त्यांनी सहाही आकडे एकेक करून वाचले. मी भरत गेले.

"ह्ये सारकं सारकं काय इचारतंय?"

"खातं चालवणारा माणूस तोच आहे ना, असं विचारतंय."

"मंग सांगा त्याला," मिस्त्री फोन खिशात टाकत म्हणाले. "हाय म्हनावं. हितंच हाय."